एक चाल अभय

आमच्या प्रेसमध्ये औषधांच्या खोक्यांत घालायची माहितीपत्रकं छापतात. मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं आणि आठ घड्या. एकदा उघडलं की पुन्हा तशीच घडी घालणं भल्याभल्यांना जमत नाही. ती घडी घालणं माझं काम. मी बाइंडिंगला आहे, एकवीस वर्षं झाली. आणि ती पत्रकं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचणारं जगात कुणी एक असेल, तर ते आमचे मुद्रितशोधक. तोंडावर त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, पाठीमागे कानामात्रा.

मास्तर चुकीला चूक म्हणत नसत, ‘खोट’ म्हणत. भांडं वाजवून घ्यावं तसं वाक्य वाजवून घ्यायचे. एकदा लहान मुलांच्या औषधाच्या पत्रकात अर्ध्या चमच्याचे पाच चमचे झाले होते, मधलं टिंब गळलं म्हणून. छपाई सुरू झालेली. मास्तरांनी धावत जाऊन मशीन बंद पाडलं. त्या दिवसापासून मालकसुद्धा त्यांच्यासमोर जपून बोलायचे, न जाणो, आपल्याही बोलण्यातलं टिंब गळायचं.

पण ही नजर सुट्टी झाल्यावर काढून खुंटीला टांगता येत नाही ना. दुकानांच्या पाट्या, बसची तिकिटं, कुणाच्या बढतीचं पत्र, सगळ्यावर त्यांची पेन्सिल फिरायची. माझा रजेचा अर्जही एकदा परत आला होता. ‘आजारी’ची री मी ऱ्हस्व काढली होती. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘री दीर्घ. लवकर बऱ्या व्हा.’ मी खूप हसले. मी त्यांची मुलगी नव्हते, म्हणून हसू शकले. पण हे मला फार उशिरा कळलं.

त्यांना मुलगा आहे आणि तो बाहेरगावी असतो, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मास्तर त्याच्याबद्दल बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. काखेत रद्दी शीटची गुंडाळी, हातात प्लास्टिकच्या सोंगट्यांचा डबा.

“बाई, बुद्धिबळ येतं का तुम्हाला?”

“घोडा अडीच घरं चालतो, एवढं येतं.”

“पुरे.”

त्यांनी गुंडाळी पसरली. मोजपट्टी लावून आखलेला सुबक पट होता. पण बरोबर मध्यावर, चार ओळी इकडे आणि चार ओळी तिकडे राहतील अशी, निळ्या शाईची एक पट्टी काढलेली.

“ही काय?”

“नदी.”

खेळाचं नावही तेच होतं. बाकी सगळं नेहमीच्या बुद्धिबळासारखं, फक्त मध्ये नदी. कुठल्याही मोहऱ्याला पलीकडे जायचं असेल तर आधी आपल्या काठावर, म्हणजे चौथ्या ओळीत, येऊन थांबायचं आणि पुढच्या चालीला ओलांडायचं. वजीर असो नाहीतर प्यादं, काठावर थांबल्याशिवाय पलीकडे पाऊल नाही.

आम्ही खेळलो. मला वाटलं सोपं आहे, घातला माझा हत्ती काठावर. मास्तरांनी समोर उंट लावून ठेवला. हत्ती पलीकडे उतरला आणि मेला. मग मी शहाणी झाले आणि गप्प बसले. तेही गप्प बसले. सुट्टी संपेपर्यंत आम्ही दोघं आपापल्या काठावर मोहरे इकडून तिकडे सरकवत होतो.

“कंटाळवाणा आहे हो खेळ,” मी म्हटलं.

“कंटाळवाणा नाही. खोट आहे त्यात,” मास्तर म्हणाले. “जो आधी ओलांडतो तो मरतो. म्हणून कुणी ओलांडतच नाही.”

“काढला कुणी हा?”

त्यांनी सोंगट्या एकेक करून डब्यात टाकल्या. शेवटचं प्यादं टाकल्यावर म्हणाले, “माझ्या मुलाने.”

पुढचं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं नाही. महिना-दीड महिना, रोजच्या डावाबरोबर थोडंथोडं.

अकरा वर्षांपूर्वी, मुलगा बावीस वर्षांचा असताना, त्याचं घरी पत्र आलं होतं. चार पानी. शिक्षण मध्येच सोडलं, ते मला जमत नव्हतं. एका कंपनीत संगणकावरचे खेळ बनवण्याचं काम मिळालंय. एक मुलगी आहे, तिच्याबरोबर राहणार आहे. रागावू नका, आणि रागावलात तरी काहीतरी लिहा.

“पत्र वाचलं. रात्रभर उत्तर सुचेना,” मास्तर म्हणाले. “रागावलो होतो का? होतो. घाबरलोही होतो. पण ते लिहायचं कसं? मग मला जे येतं ते केलं. तपासलं.”

“म्हणजे?”

“नऊ चुका होत्या. नीट खुणा केल्या, समासात दुरुस्त्या लिहिल्या आणि पाठवून दिलं.”

“आणि सोबत काय लिहिलंत?”

“काही नाही.”

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. माझ्या तोंडावर काय दिसत होतं ते त्यांना दिसत होतं. “तुम्ही म्हणाल ते मी मला म्हणून झालंय,” ते म्हणाले.

त्यानंतर मुलाने वडिलांशी बोलणं टाकलं. आईला मात्र दर रविवारी दुपारी फोन यायचा. मास्तरांच्या बायकोने टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी काढलेली. फोन वाजला की मास्तर गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत. बोलणं लांबलं की पाणीही लांबायचं. दोन झाडं त्यात कुजली म्हणे. फोन झाला की त्या आत-बाहेर करता करता, कुणाला तरी ऐकू जावं इतपत मोठ्याने, एखादी बातमी सोडत. नोकरी बदलली. घर बदललं. दाढी ठेवली आहे. मास्तर ‘हं’ म्हणत.

तशीच ही बातमी सुटली होती. “बुद्धिबळाचा नवा खेळ काढलाय त्याने. नदी की काय नाव आहे. संगणकावर लोक खेळतात. नियमांत काही सुधारणा सुचत असेल तर कळवा, असं खाली लिहिलंय म्हणे.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी प्रेसच्या संगणकावर ते पान शोधलं. नियमांत अकरा ‘खोटी’ निघाल्या. सात अर्थाच्या आणि चार शुद्धलेखनाच्या. त्यांनी अकराच्या अकरा लिहून काढल्या, मग बसून राहिले, आणि शुद्धलेखनाच्या चार खोडल्या. उरलेल्या सात पाठवल्या. खाली सही केली, ‘एक वाचक’.

“‘नियमावली’ची ली ऱ्हस्व आहे त्याची,” मला सांगताना त्यांचा जीव कासावीस झालेला दिसत होता. “रोज पान उघडतो. रोज दिसते. सोडून देतो.”

मुलाचं उत्तर दोन दिवसांत आलं. मास्तरांनी ते छापून घडी करून खिशात ठेवलं होतं. मला वाचायला दिलं.

‘सर, काठावरून आडवा सरकणारा मोहरा काठावर थांबला असं धरायचं का, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. नदीपलीकडून शह लागतो की नाही, हेही मी लिहिलेलं नाही! इतक्या बारकाईने वाचणारं मला आजवर कुणी भेटलं नाही. अजून खोट दिसली तर नक्की कळवा.’

“‘आजवर कुणी भेटलं नाही’ म्हणतो,” मास्तर म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. तो आधीच स्वच्छ होता.

मग आमचा दिनक्रमच झाला. सुट्टीत डबा खायचा, डाव मांडायचा, खोट शोधायची. मास्तर संध्याकाळी जाण्याआधी पत्र टाइप करत, एका बोटाने. दोन-तीन दिवसांनी उत्तर यायचं. पहिल्या चालीत प्यादं दोन घरं पुढे गेलं तर ते थेट काठावर पोचतं, मग ते थांबलं असं धरायचं का? मुलाने नियम बदलला, पहिल्या चालीतही एकच घर. दोन मोहरे एकाच वेळी काठावर चालतील का? चालतील. हळूहळू खेळाला आकार येत होता. पण मुख्य खोट तशीच होती. कुणी ओलांडत नव्हतं.

मास्तरांनी सुचवलं, ‘नदी ओलांडून पलीकडे उतरलेल्या मोहऱ्याला एक चाल अभय असावं. समोरच्याने तेवढी एक चाल त्याला मारू नये.’

मुलगा ऐकेना. ‘सर, मग नदीची भीतीच उरणार नाही. ओलांडणाऱ्याने किंमत मोजायला नको का?’

मास्तरांनी लिहिलं, ‘किंमत इतकी असेल तर गिऱ्हाईकच येणार नाही.’

असे दोघं तीन आठवडे भांडले. मी मास्तरांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. पत्रकं वाचता वाचता मध्येच हसायचे. मशीनवाला मला म्हणाला, “कानामात्राला वेलांटी सुटली की काय?” शेवटी आम्ही अभय देऊन खेळून पाहिलं, तर मुलाचंही खरं निघालं. माझा वजीर अभयाच्या जोरावर उतरायचा आणि पलीकडे धुमाकूळ घालायचा. मास्तर डोकं धरून बसले.

मी आपलं सहज म्हटलं, “अहो, सगळ्यांना कशाला? दोन्हीकडच्या फक्त पहिल्या ओलांडणाऱ्याला द्या. आणि वजीर वगळा. त्याला कसली आलीय भीती.”

मास्तरांनी मान वर केली. “बाई,” ते म्हणाले, “तुम्ही इतकी वर्षं घड्या का घालत बसलात?”

तो नियम मुलाने घेतला. पानावर लिहिलं, ‘एका वाचकाच्या सूचनेवरून’. आधी पन्नासेक लोक खेळायचे, दोन महिन्यांत चारशेच्या वर गेले. मास्तर रोज आकडा बघत आणि मला येऊन सांगत.

मी एकदा विचारलं, “घरी माहीत आहे?”

“नाही.”

“निदान वहिनींना सांगा.”

“सांगेन. जरा बरं चाललंय, चालू दे.”

मग ते पत्र आलं. दुपारची वेळ होती, मी रक्तदाबाच्या गोळीचं पत्रक घडी करत होते. मास्तर आले आणि कागद माझ्यापुढे ठेवून उभे राहिले.

‘सर, नियमांची एक छोटी पुस्तिका छापायची आहे. पहिल्या पानावर तुमचं नाव घालायचं आहे, कारण निम्मे नियम तुमचे आहेत. कृपया पूर्ण नाव आणि पत्ता कळवा, पहिली प्रत तुम्हाला पाठवेन. एक सांगू? तुम्ही खोट म्हणता ना, तो शब्द मी लहानपणी घरात ऐकायचो. माझे वडील प्रुफं तपासायचे. ते आता नाहीत. असते तर त्यांना हा खेळ दाखवला असता का, माहीत नाही. बहुतेक नसता. तुमच्याशी बोलताना मात्र कधी भीती वाटली नाही.’

मी दोनदा वाचलं. ‘नाहीत’ या शब्दापाशी दोन्ही वेळा अडखळले.

“तसं नसेल म्हणायचं त्याला,” मी म्हटलं. “आता घरात नाहीत, बोलण्यात नाहीत, असं काहीतरी असेल.”

“वाक्यात खोट नाही, बाई. स्पष्ट आहे.”

त्या दिवशी ते लवकर घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी आले ते तोंड उतरलेलं, दाढी न केलेली. डावाचा विषय नव्हता. खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सरळ विचारलं होतं, ‘तो लोकांना माझ्याबद्दल काय सांगतो?’

ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. मग म्हणाली, ‘हे आज कळलं होय तुम्हाला? त्याच्या लग्नात तिच्याकडच्यांनी विचारलं, वडील कुठे आहेत? तो म्हणाला, नाहीत. मी तिथेच होते.’

‘तू काय म्हणालीस?’

‘मी काय म्हणणार? आहेत पण आले नाहीत, म्हणू? का आले नाहीत, ते सांगू? गप्प बसले. त्या दिवशी मी तिथे विधवा म्हणून जेवले आणि संध्याकाळच्या गाडीने तुमच्याकडे परत आले. तुम्ही दार उघडलंत. चहा मीच केला.’

मास्तर हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर हमाल कागदाचे रीम उतरवत होते, तिकडे बघत होते. “सहा वर्षं झाली लग्नाला,” ते म्हणाले. “सहा वर्षं ती हे पोटात घेऊन रोज माझा डबा भरते आहे.”

मी बाइंडिंगची बाई. फाटलेलं दिसलं की शिवायला हात शिवशिवतात. आणि माझं इथेच चुकलं. मी म्हटलं, “मास्तर, आता लपवू नका. लिहून टाका, मी तुझा बाप आहे म्हणून. वर्षभर जो माणूस तुम्हाला सर सर करतोय, तो काही एका दिवसात उलटणार नाही. आणि नाव तर त्याने स्वतःच मागितलंय.”

“उलटला तर?”

“आत्ता तरी काय आहे तुमच्या हातात?”

हे बोलायला नको होतं. त्यांच्या हातात बरंच काही होतं. आठवड्याला दोन पत्रं होती.

पण ते म्हणाले, “खोटं नाव तर मी देऊ शकत नाही. छापलं जाणार ते.” मग उठले आणि संगणकापाशी गेले. तासभर टाइप करत होते. मग छापून माझ्याकडे आणलं. एवढ्या वेळात एवढंच झालं होतं:

‘पुस्तिकेवर माझं नाव घालू नये. मी तुझा बाबा आहे. मी आहे. तुझ्याशी खोटेपणाने बोललो, त्याबद्दल माफ कर. पण खेळाबद्दल जे जे लिहिलं ते मनापासून लिहिलं. तुझ्या त्या पत्रात एकही चूक नव्हती.’

“नऊ होत्या म्हणालात ना?” मी हळूच विचारलं.

“नव्हती,” मास्तर म्हणाले, आणि पाठवून आले.

उत्तर आलं नाही. तीन दिवस, आठ दिवस. मास्तर रोज पान उघडत. दहाव्या दिवशी मला हाक मारली, म्हणून मी हातातलं काम टाकून गेले. पडद्यावर ‘नदी’चे नियम होते. मी वाचले आणि मला आधी काही वेगळं वाटलं नाही, कारण ते मी आधी वाचले होते, अगदी सुरुवातीला. मुलाने सगळं होतं तसं केलं होतं. अभय काढलं होतं. पहिल्या चालीत प्यादं पुन्हा दोन घरं धावत होतं. काठावरून आडवा जाणारा मोहरा थांबला की नाही, ते पुन्हा कुठेच लिहिलेलं नव्हतं. ‘एका वाचकाच्या सूचनेवरून’ ही ओळ तर गेलीच होती.

“त्याचाच खेळ बिघडवला त्याने,” मी म्हटलं. मला राग आला होता.

“त्याचा खेळ आहे,” मास्तर म्हणाले.

“अहो, पण कुणी खेळणार नाही हा.”

“माहीत आहे त्याला. वर्षभर आम्ही दोघं त्यावरच तर बोललो.”

त्याहून वाईट म्हणजे रविवारचा फोन बंद झाला. त्या आईचा काय दोष होता? पहिल्या रविवारी मास्तरांना वाटलं, कामात असेल. दुसऱ्या रविवारी बायकोने स्वतः केला, तो कुणी उचलला नाही. तिसऱ्या रविवारी दोघं समोरासमोर बसून राहिली. मास्तर मला हे सांगत आणि मी घडी घालत राहायचे. वर बघायची हिंमत नव्हती. आठवडाभर मला माझ्याच घरात अन्न गोड लागेना. नवरा म्हणाला, “तू का तोंड पाडून बसलीस? तुझा मुलगा आहे का तो?”

चौथ्या आठवड्यात मास्तर तापाने घरी होते. दुपारी त्यांच्या बायको प्रेसवर रजेचा अर्ज घेऊन आल्या. मी त्यांना त्याआधी दोनदाच पाहिलं होतं. बारीक चणीच्या, केस अगदी आखूड कापलेले, आणि आवाज असा की नुसतं ‘नमस्कार’ ऐकूनही माणूस ‘जरा थांबा’ ऐकण्याच्या तयारीने थांबतो. त्या मालकांकडे अर्ज देऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

“तुम्हीच ना बाइंडरबाई? वजीर वगळा म्हणणाऱ्या?”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, “वहिनी, सांगून टाका असं त्यांना मीच म्हटलं. माझ्यामुळे तुमचा फोन तुटला.”

त्यांनी स्टूल ओढून घेतलं. टेबलावरचं एक पत्रक उचललं, उघडलं, आणि पुन्हा घडी घालायला बघू लागल्या. अर्थातच जमेना.

“असं बघा,” त्या म्हणाल्या, “त्या खेळाची बातमी मी यांच्या कानावर मुद्दाम घातली होती. मला ठाऊक होतं, नियमात खोट असणार आणि हे ती काढल्याशिवाय राहणार नाहीत. म्हटलं, एवढं तरी बोलणं होईल. नोकरीभर मी तेच केलं. लाइन जोडून द्यायची आणि आपण कान काढून घ्यायचा. मला वाटलं, ही लाइनही तशीच चालेल. म्हणजे दोष वाटायचाच तर आधी माझ्या वाट्याला येतो. तुम्ही रांगेत मागे उभ्या राहा.”

“तुम्ही रागावला नाहीत त्यांच्यावर?”

“अकरा वर्षं रागावलेच आहे,” त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. “पण ते पत्र पाठवून त्या दिवशी घरी आले ना, तेव्हा दारातच म्हणाले, मी त्याला सांगितलं की मी आहे. इतकी वर्षं वाट बघत होते मी, या दोघांपैकी कुणीतरी एक हे म्हणेल म्हणून. मग आता मी कुठल्या तोंडाने म्हणू, की का म्हणालात?”

ती घडी शेवटपर्यंत जमली नाही. मी त्यांच्या हातातून पत्रक घेतलं, घडी घालून दिली. त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं, का कोण जाणे. घरात रक्तदाबाचं कुणी नव्हतं.

मास्तर बरे होऊन कामावर आले. पट आणि सोंगट्या त्यांच्या कपाटात होत्या. मी एकदा विचारलं, “साधं बुद्धिबळ खेळायचं का?” ते म्हणाले, “नको.” मग आम्ही जेवणाच्या सुट्टीत नुसतं जेवत असू. ते पान मी माझ्या फोनवर कधीकधी उघडायचे. खेळणारे चारशेचे दीडशे झाले, मग साठ. मग एक दिवस ते पानच उघडेना. मी मास्तरांना सांगितलं नाही. त्यांना माहीत असणार.

त्यानंतर पंधरवड्याने, एका सोमवारी, मास्तर आल्या आल्या माझ्या टेबलाशी थांबले. डबा अजून हातातच होता.

“काल फोन आला,” ते म्हणाले.

मी हातातली शीट खाली ठेवली. “वहिनींना?”

“ती खाली दुकानात गेली होती. वाजत होता. मी गॅलरीत जाणार होतो. मग वाटलं, इतके आठवडे तिने वाट पाहिली आहे, वाजून बंद झाला आणि पुन्हा नाहीच आला तर? म्हणून उचलला.”

“मग?”

“पलीकडून कुणी बोलेना. मग एक माणूस म्हणाला, हॅलो. जाड आवाज. मी विचारलं, कोण बोलतंय?”

मागे मशीन सुरू झालं होतं, मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

“मला ओळखू आला नाही, बाई. बावीस वर्षांच्या मुलाचा आवाज माझ्या कानात होता. हा कुणी मोठा माणूस बोलत होता. मी म्हटलं, कोण? आणि तो गप्प. मग म्हणाला, आई आहे का? तेव्हा कळलं.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, खाली गेलीय, दहा मिनिटांत येईल. तो म्हणाला, बरं. मी म्हटलं, खेळाचं पान उघडत नाही. म्हणाला, बंद केलं. मी म्हटलं, चांगला होता. मला वाटलं ठेवला. मग म्हणाला, दहा मिनिटांनी करतो.”

“तुम्हाला बाबा म्हणाला?”

त्यांनी मान हलवली. नाही.

“आणि केला पुन्हा?”

“केला. ती चपला काढत होती. तिच्या हातात दिला.”

“तुम्ही गॅलरीत गेलात?”

“नाही. तिथेच बसलो. ती बोलली, अर्धा तास. माझं नाव निघालं नाही. ठेवताना तिने विचारलं, पुढच्या रविवारी करशील ना? तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, आणि मी तिला विचारलं नाही.”

मशीनवाल्याने लांबून हाक मारली, पहिलं प्रूफ तयार होतं. मास्तरांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि खिशातून चष्मा काढला.

“कोण असं विचारायला नको होतं,” ते म्हणाले, आणि प्रूफ घ्यायला गेले.